बर्ड फ्लूचे निदान : विज्ञान आणि अर्थकारण



भारतातील बर्ड फ्लूच्या पहिल्या प्रादुर्भावाची पुष्टी १८ फेब्रुवारी २००६ रोजी झाली. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांच्या नमुन्यांत भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेला एच५एन१ हा विषाणू आढळला. रोग एका तालुक्यात होता; परंतु चिकन व अंड्यांची मागणी देशभर घसरली. जेथे एकही पक्षी आजारी नव्हता, तेथील उत्पादकांनाही तोटा सोसावा लागला. रोग कोठे आहे, याइतकेच तो कोठे नाही हे खात्रीने सांगता येणे महत्त्वाचे असते. म्हणूनच निदान हा केवळ पशुवैद्यकाचा विषय नसून उपजीविकेचाही प्रश्न आहे.

या रोगाचे विषाणू इन्फ्लुएन्झा ‘अ’ प्रकारचे असतात. पृष्ठभागावरील दोन प्रथिनांवरून त्यांचे उपप्रकार ठरतात. पक्ष्यांमध्ये ‘एच’ प्रथिनाचे १६ व ‘एन’ प्रथिनाचे ९ उपप्रकार सुपरिचित आहेत. एच५ व एच७ गटांतील काही विषाणू अतितीव्र रोग घडवतात. मात्र मानमोडी म्हणजेच रानीखेत रोगातही कोंबड्या अशाच झपाट्याने मरतात. बदकांमध्ये तर अनेकदा लक्षणे न दिसताही विषाणू असू शकतो. त्यामुळे डोळ्यांनी केलेले निदान पुरेसे ठरत नाही.

तपासणीसाठी जिवंत पक्ष्यांच्या घशातील व गुदमार्गातील स्राव तसेच मृत पक्ष्यांचे अवयव घेतले जातात. हे नमुने थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतात. त्यानंतरच्या पद्धतींचे चार गट करता येतात.

पहिली पद्धत विषाणू वेगळा करण्याची. ९ ते ११ दिवसांच्या भ्रूणयुक्त अंड्यांत नमुना टोचून विषाणू वाढवला जातो. तो रक्तपेशींना एकत्र चिकटवतो का, हे पाहून व ज्ञात प्रतिपिंडांच्या साहाय्याने त्याचा उपप्रकार ओळखला जातो. ही आधारभूत पद्धत होय. परंतु तिला अनेक दिवस लागतात आणि जिवंत विषाणू हाताळण्यासाठी उच्च जैवसुरक्षा आवश्यक असते. दुसरी पद्धत आरटी-पीसीआर. तीत प्रथम ‘अ’ प्रकारातील सामाईक जनुकाचा आणि मग एच५ किंवा एच७ चा शोध घेतला जातो. काही तासांत उत्तर मिळत असल्याने आज हीच पद्धत प्रामुख्याने वापरली जाते. तिसरी, एलायझासारख्या चाचण्यांनी रक्तातील प्रतिपिंडे शोधण्याची. कळपात पूर्वी संसर्ग होऊन गेला का, हे तीवरून समजते. म्हणून ती निगराणीस उपयुक्त आहे. चौथी, शेडवरच करता येणारी जलद प्रतिजन चाचणी. ती स्वस्त असली तरी कमी संवेदनशील आहे. तिचे नकारार्थी उत्तर अंतिम मानता येत नाही. याखेरीज, ‘एच’ प्रथिनाच्या विशिष्ट भागाचा जनुकीय क्रम वाचून विषाणू अतितीव्र आहे की सौम्य, हे ठरवले जाते.

भारतात पुणे, कोलकाता, जालंधर, बंगळूर व गुवाहाटी येथील प्रादेशिक प्रयोगशाळा तसेच इज्जतनगरची केंद्रीय प्रयोगशाळा रोगनिदानाचे काम करतात. पुष्टीचा अधिकार भोपाळच्या संस्थेकडे आहे. तिचे आजचे नाव राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था असे आहे. २०२१ च्या सुधारित कृती आराखड्यानुसार पुष्टी होताच बाधित केंद्राभोवती १ किलोमीटर त्रिज्येचे बाधित क्षेत्र व तेथून १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र जाहीर होते.

परंतु या साखळीची पहिली कडी प्रयोगशाळा नसून पक्षिपालक आहे. त्याने कळवले नाही, तर कोणतीही चाचणी सुरूच होत नाही. रोग लपवून उरलेले पक्षी विकले, तर त्याचा तोटा टळतो आणि धोका मात्र शेजाऱ्यांवर पडतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याने मालकावर रोग कळवण्याचे बंधन घातले आहे. पण केवळ बंधनाने माहिती मिळत नाही. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये परसातील कुक्कुटपालनात हा रोग पसरला आणि सुमारे ४० लाख पक्षी नष्ट करावे लागले. चार-पाच कोंबड्या हीच ज्या कुटुंबाची बचत, त्याच्याकडून फुकट त्यागाची अपेक्षा व्यवहार्य नाही.

म्हणून नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र व राज्ये निम्मी-निम्मी उचलतात. आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी ती मिळत नाही; त्यामुळे लवकर कळवणे पालकाच्याही हिताचे ठरते. मात्र दर बाजारभावापेक्षा फार कमी असला किंवा रक्कम विलंबाने मिळाली, तर हे प्रोत्साहन नाहीसे होते. या अर्थाने भरपाई हा निदानाच्या खर्चाचाच भाग मानावा लागतो.

निदानाचा संबंध परराष्ट्र व्यापाराशीही येतो. बर्ड फ्लूच्या कारणास्तव भारताने घातलेल्या आयातनिर्बंधांविरुद्ध अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २०१५ मध्ये अपील मंडळाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. निर्बंधांना शास्त्रीय जोखीम मूल्यमापनाचा आधार हवा आणि रोगमुक्त प्रदेशांना वेगळी वागणूक द्यायला हवी, हे त्या वादाचे सार होते. रोगमुक्तीचा दावाही अखेर नियमित तपासणीवरच उभा राहतो.

भोपाळची यंत्रे काही तासांत उत्तर देऊ शकतात. गावातून नमुना निघण्यास किती दिवस लागतात, यावर त्या उत्तराचे मूल्य ठरते. तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाना, शीतपेटी आणि वेळेवर मिळणारी भरपाई यांवरील खर्च हा म्हणूनच रोगनिदानातील सर्वाधिक फलदायी खर्च होय.