भूमीखालचा वारा



ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत शेणवा नांवाचें गांव आहे. त्या भागांत विहीर खणतांना काळा खडक लागतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा तो थिजलेला थर होय. त्यांत कोळसा नाहीं. म्हणून कोळशाच्या खाणींतील ज्वालाग्राही मिथेन वायूचें भय तेथें नाहीं. तथापि तेवढ्यावरून विहिरींत उतरणें निर्धोक आहे, असें मात्र कोणी समजूं नये.

प्रथम खाणीकडे पाहूं. चंद्रपूर जिल्ह्यांत, वर्धा नदीच्या खोऱ्यांत, कोळशाच्या भूमिगत खाणी खणलेल्या आहेत. कोळसा फोडला कीं त्यांत कोंडलेला मिथेन मोकळा होतो. तो हवेहून हलका असल्यामुळें छताशीं सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें म्हणजे एक ठिणगी पुरते. बंगालमध्यें आसनसोलजवळच्या चिनाकुरी खाणींत १९ फेब्रुवारी १९५८ रोजीं असाच स्फोट झाला आणि १७० हून अधिक माणसें दगावलीं.

यावर मुख्य उपाय म्हणजे वारा खेळता ठेवणें. एका वाटेनें स्वच्छ हवा आंत जाते, कामाच्या जागांवरून फिरते, आणि दुसऱ्या वाटेनें मोठा पंखा ती बाहेर ओढून घेतो. आपल्या देशांतील नियमांप्रमाणें माणशीं मिनिटाला निदान ६ घनमीटर हवा पोहोंचली पाहिजे, प्राणवायु शेंकडा १९ च्या खालीं जातां कामा नये, आणि ज्वालाग्राही वायु कोठेंहि शेंकडा १.२५ वर गेला तर माणसें बाहेर काढावीं लागतात.

विहिरीला असा पंखा नसतो. तिच्या तळाशीं हवेहून जड कार्बन डायऑक्साइड सांचूं शकतो. म्हणून आधीं कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल आहे. कंदील विझला तर उतरूं नये, हें खरें. परंतु तो जळत राहिला म्हणजे उतरावें, हें खरें नव्हे. विहिरींत डिझेलचें इंजिन चालविलें असेल, तर त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो ज्योत न विझवितां माणूस मारतो.

शहरवासीयांनींहि हें ऐकावें. आपल्या इमारतीखालच्या मैल्याच्या टाकींत मिथेन असतो. तेथें उघडी ज्योत नेणें म्हणजे सुरुंगाला बत्ती देणें. शिवाय तेथें हायड्रोजन सल्फाइड असतो. तो थोडा असतां कुजक्या अंड्यांसारखी घाण येते. फार झाला कीं नाकच बधिर होतें. संरक्षक साधनांवांचून अशा टाकींत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई केली आहे.

अशा ठिकाणीं पहिला मनुष्य बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढण्यास धांवतो, मग तिसरा. अशा वेळीं वरच्यानें न उतरतां अग्निशामक दलास बोलवावें. तें भ्याडपण नव्हे. मदत मागणारा वर शिल्लक राहिला, तरच खालच्याला कांहीं आशा असते.