तरणतलाव आणि तहान



ज्या नगरीच्या दाराशी समुद्र, तिला तरणतलावांचा एवढा सोस का, असा प्रश्न गावाकडून येणारे पाहुणे आम्हांस नेहमी विचारतात. उत्तर सोपे आहे. मरीनाचा समुद्र पाहण्याचा, पोहण्याचा नव्हे. तेथील ओढीने अनेकांचे बळी घेतले आहेत. मैलापूरचे तळे कपालीश्वराचे. तेथे उत्सवात देवाचा तराफा फिरतो आणि आपण काठावरून हात जोडावयाचे. मग मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की मुलांनी जावे कोठे? म्हणून मरीनावर महानगरपालिकेचा तरणतलाव आहे, आणि नव्या सदनिकासंकुलांतही निळे तलाव दिसू लागले आहेत. दुबईसारख्या वाळवंटी शहरात तर समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात आणि उन्हाळ्यात तलावांतील पाणी यंत्रांनी गारही करतात. उकाडा वाढला की पाण्याची ओढ वाढावयाचीच.

आम्ही स्वतः वाईला कृष्णेच्या घाटावर, सुका भोपळा बांधून पोहावयास शिकलो. तेव्हा पोहणाऱ्यांशी आमचे वैर नाही. मात्र पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्या वेळी आमच्या गावीही नव्हते.

2019 च्या उन्हाळ्यात तो ठेवावा लागला. पूंडी, चोलावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. आमच्या संकुलातील तलाव लहानसाच. तरी त्यात एक लाख लिटरांहून अधिक पाणी मावते. मुलांच्या सुट्ट्या होत्या. टँकर मागवून तलाव भरावा, असा ठराव आला आणि आम्हीही हात वर केला. दुसऱ्या दिवशी घरी कामाला येणाऱ्या बाईंना उशीर झाला. रात्री दोनपासून नळावर उभ्या राहून त्यांना दोन घागरी मिळाल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. उशिराची क्षमा मागितली. आम्हांस मान वर करवेना. पुढील बैठकीत तलाव बंद ठेवण्याची सूचना आम्हीच मांडली. ती संमत झाली. काही शेजारी मात्र पुष्कळ दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

12 जुलै 2019 रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी आली. 50 वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. म्हणजे एकूण 25 लाख लिटर. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा ऑलिंपिक तलावात नेमके तेवढेच पाणी मावते. एवढ्यासाठी एका महानगरीस रेल्वेची वाट पाहावी लागली!

आणखी एक गोष्ट आपणा मराठी मंडळींनी विसरू नये. 1976 च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 अब्ज घनफूट पाणी या शहरास देऊ केले. 1996 साली ते पाणी कालव्याने पूंडीस पोहोचले. महाबळेश्वरी उगम पावणारी आपली कृष्णा आपल्यामागोमाग येथवर आली आहे. माहेरच्या माणसाचा मान ठेवावा, तसा तिचा मान ठेवणे आपले कर्तव्य आहे.

तलाव बांधू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. खासगी दहा तलावांपेक्षा सार्वजनिक एक बरा. तेथे गरिबाचे मूलही पोहावयास शिकते. तलावाचे पाणी गाळून पुन्हा वापरावे, गच्चीवरचा पाऊस जमिनीत मुरवावा, आणि टंचाईच्या वर्षी तलाव बिनतक्रार बंद ठेवावा. शेजाऱ्याची घागर आधी भरावी, मग आपण डुंबावे. एवढीच सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची नम्र विनंती.