झोपेचा हिशेब



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी सातवीनंतर शाळेचा उंबरठा चढलो नाही. जे थोडे वाचले ते रात्रपाळी संपल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. म्हणून आज शास्त्र सांगत नाही. एका कामगाराचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

हा घुग्घुस-वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या खेपा करणारा ट्रकचालक. गेल्या पावसाळ्यात तो युनियनच्या कचेरीत आला, खिशातून एक पुडी काढली आणि म्हणाला, "भाऊ, हे घेतलं का रातभर झोप येत नाही म्हणते. महिन्याच्या चार खेपा जास्त होतात. पोरीची फी भराची आहे. घेऊ का?" पुडीवर 'हायड्राफिनिल' असे नाव होते आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरे. मी शब्दकोश काढला. अर्थ निघाला : 'संशोधनापुरते. माणसाने सेवन करण्यासाठी नाही.'

पुडी हिसकावून फेकणे सोपे होते. पण मी कोणत्या तोंडाने उपदेश करणार? मी स्वतः वीस वर्षे खर्रा चघळून रात्रपाळ्या काढल्या. आज माझ्या तोंडात दोन बोटे कशीबशी जातात. सुपारीने कर्करोग होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा निर्णय २००४ साली प्रसिद्ध झाला. आमचे चघळणे त्याआधी पिढ्यान् पिढ्या चालू होते. अभ्यास व्हायचा होता, तेव्हाही धोका होताच. फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता. पाटी कोरी दिसते म्हणून उधारी फिटली, असे कुणी समजू नये.

आता प्रश्नाची दुसरी बाजूही न्यायाने पाहू. जागे ठेवणारी सगळीच द्रव्ये विष नव्हेत. मोडाफिनिल हे खरे औषध आहे. बसल्या जागी अनावर झोप येण्याचा एक आजार असतो, त्यासाठी अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने अनेकांचे भले झाले आहे. पण त्याचे धोके तपासलेले आहेत म्हणूनच ठाऊक आहेत : क्वचित कातडी सोलवटून टाकणारे भयंकर पुरळ, मनाचे विकार, शिवाय संततिनियमनाच्या गोळीचा गुण त्याने कमी होतो. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१० साली त्याचा वापर त्या एकाच आजारापुरता ठेवावा, असा सल्ला दिला. २००५ साली रात्रपाळीने आजारी पडलेल्या सुमारे दोनशे लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंगी थोडी कमी झाली, पण माणसे पेंगतच राहिली. तपासलेल्या औषधाची ही गत!

त्याचेच भाऊबंद असलेले अॅड्राफिनिल यकृतात जाऊन मोडाफिनिल बनते. त्याची विक्री फ्रान्समध्ये २०११ साली बंद झाली. आणि हायड्राफिनिलसारख्या पुड्यांची माणसांवर नीट परीक्षाच झालेली नाही. किती घ्यावे, किती दिवस घ्यावे, रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालते का, याचे उत्तर द्यायला कोणी बांधलेला नाही. पुडीत नावाप्रमाणेच माल आहे, याचीही हमी नाही. अशा वेळी प्रयोगशाळा म्हणजे त्या चालकाचे शरीर, आणि समोरून सायकलवर येणारे आपले पोर.

तुम्ही म्हणाल, चहासुद्धा तेच करतो. खरे आहे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, त्याने झोप येते. चहा त्याची जागा अडवतो. सावकार दारात उभा असताना कडी लावून घेण्यासारखे आहे हे : हाक ऐकू येत नाही, कर्ज मात्र वाढतच राहते. चहाची कडी तकलादू, म्हणून माणूस वेळीच निजतो. जबर द्रव्याची कडी घट्ट, म्हणून आपण धड आहोत असे चालकाला वाटत राहते. महायुद्धात जपानने सैनिकांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना मेथाम्फेटामाइनच्या गोळ्या दिल्या. युद्धानंतर त्या उघड विकल्या गेल्या, व्यसनाची लाट आली आणि १९५१ साली कायदा करून त्या रोखाव्या लागल्या. कामाचे तास शरीरात मावेनात, तेव्हा तास कमी करण्याऐवजी शरीरच बदलायचे, ही युक्ती जुनीच आहे.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती पुडीतून आली नाही, संघटनेतून आली. आमची मागणीही तशीच साधी आहे : खेपेवर नव्हे, तासावर मजुरी, रात्रीच्या लांब खेपेला दुसरा चालक, आणि वाटेत पाठ टेकायला पंखा असलेली एक खोली.

त्या चालकाला मी हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले. पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि रात्रीच्या खेपेला निघून गेला. मी जिंकलो, असे मला वाटले नाही. पुडी माझ्याकडे आली, फी त्याच्याच डोक्यावर राहिली. ती फी आपणा सर्वांच्या हिशेबात धरली जाईल, त्या दिवशीच मला त्याला बेधडक 'घेऊ नकोस' म्हणण्याचा अधिकार येईल.