‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावं लागेल’

आज एका वाक्याबद्दल बोलायचंय, आणि हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलेलंच असणार. कम्प्युटर बंद पडला, उचलून दुकानात नेला, काउंटरमागच्या पोराने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘व्हायरस आलाय. फॉरमॅट मारावं लागेल.’

हे खरं आहे की नाही ते ओळखायचं कसं, एवढाच आजचा विषय. मला त्यात रस का, तर या वाक्यापायी माझ्या चुलतभावाच्या स्टुडिओतली एका लग्नाची अख्खी हळद गेली. हळदीचे फोटो म्हणतोय मी.

दादाचा कराडला छोटा फोटो स्टुडिओ आहे. एक कॅमेरा त्याचा, एक भाड्याचा, आणि वहिनी अल्बमचं डिझाइन करतात. सगळं काम एका जुन्या डेस्कटॉपवर. ऐन लग्नसराईत हा डेस्कटॉप हँग व्हायला लागला. माउसचा बाण जागच्या जागी थांबायचा, मिनिटभराने निळी स्क्रीन, मग आपोआप रीस्टार्ट. दुकानवाल्याने फॉरमॅट मारलं, विंडोज नव्याने टाकलं, पैसे घेतले. चार दिवस मस्त चाललं. पाचव्या दिवशी परत तेच. परत फॉरमॅट, आणि यावेळी वर एक अँटिव्हायरसही विकला. हे आठ दिवस टिकलं. तिसऱ्यांदा दादाने मला फोन केला. ‘ह्यो व्हायरस काय जातच नाय बघ. तू ये एकदा.’

मी रविवारी गेलो. आणि आता कबूल करतो, मी पण आधी चुकलोच. मी काय केलं? स्कॅन लावला. तासाभराने स्कॅनमध्ये व्हायरस सापडला पण! फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं होतं, त्याच्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या फाइलमध्ये एक ट्रोजन बसला होता. दादा म्हणाला, ‘बघ, दुकानवाला खोटं बोलत नव्हता.’ मलाही वाटलं, झालं, सुटलो. ट्रोजन उडवला, चहा घेतला. चहा संपायच्या आत निळी स्क्रीन.

म्हणजे बघा, मशीनमध्ये व्हायरस होता, आणि मशीन क्रॅशही होत होतं. पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. ज्याच्याकडे क्रॅक सॉफ्टवेअर आहे त्याच्या मशीनमध्ये स्कॅन केलं की काहीतरी सापडतंच. सापडलं म्हणून तोच गुन्हेगार, असं होत नाही.

आणि थोडा विचार केला तर आजकालच्या व्हायरसला तुमचं मशीन बंद पाडून मिळणार काय? त्याला तुमचे पासवर्ड हवेत, तुमच्या प्रोसेसरवर क्रिप्टोचं मायनिंग करायचंय, किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचीय. या सगळ्यासाठी मशीन चालू पाहिजे. बिऱ्हाड करून राहायला आलेला माणूस घराचं छप्पर कशाला पाडेल? त्याची लक्षणंही वेगळी असतात. ब्राउझर भलत्याच पानावर नेतो, न टाकलेली एक्स्टेन्शन दिसतात, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बंद असतो आणि चालू करायला गेलं तर होत नाही. काही काम नसताना पंखा घरघरतो आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत होतो, हेही एक. यातलं काही दिसलं तर मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो मशीन रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेल्यालाही पकडायची शक्यता वाढते.

दादाच्या मशीनमध्ये यातलं काहीच नव्हतं. मग मी स्क्रीनकडे बघायचं सोडलं आणि कान दिला. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, एप्रिलचं फोल्डर उघडलं की अडकतंय, बाकी चालतंय.’ हे त्यांनी दुकानातही सांगितलं होतं, तिथे कुणी ऐकलं नाही. मी एप्रिलचं फोल्डर उघडलं. कॅबिनेटमधून आवाज आला. टक. टक. टक. आणि बाण थांबला.

आता खरी परीक्षा. मी बरोबर एक पेनड्राइव्ह नेला होता, त्यात लिनक्स मिंट. मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं. यात गंमत अशी की हार्डडिस्कवरचं विंडोज जागंच होत नाही. विंडोज झोपलेलं, तर त्यातला व्हायरसही झोपलेला. आता मशीन नीट चाललं तर दोष विंडोजच्या बाजूला, म्हणजे व्हायरस, ड्रायव्हर किंवा बिघडलेली सिस्टिम फाइल. आणि तरीही अडकलं तर दोष हार्डवेअरचा. मी लिनक्समधून एप्रिलचं फोल्डर उघडलं. टक. टक. टक. तिथेच अडकलं.

हार्डडिस्क मरत होती.

मग दोनदा फॉरमॅट मारल्यावर चार-आठ दिवस बरं कसं चाललं? मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण इथेच सगळे फसतात. डिस्कवर जागेचे बारीक तुकडे असतात, सेक्टर. एखादा सेक्टर खराब झाला आणि तो वाचता येईना, की डिस्क तो परत परत वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. पण त्याच सेक्टरवर नवीन काही लिहायला गेलं, की डिस्क म्हणते, हा राहू दे, आणि राखीव साठ्यातला एक चांगला सेक्टर गुपचूप त्याच्या जागी लावते. फॉरमॅट मारून विंडोज टाकलं की अशा बऱ्याच सेक्टरवर नव्याने लिहिलं जातं. म्हणून मशीन ठणठणीत झाल्यासारखं वाटतं. रोग तसाच, फक्त ताप उतरला. डी ड्राइव्हवर, जिथे फोटो होते, तिथे मात्र कुणी नवीन लिहिलं नव्हतं, तिथले खराब सेक्टर तसेच राहिले आणि वाढत गेले.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्या नोंदीचं नावच स्मार्ट आहे. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. त्यात ‘पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’ या दोन ओळी बघायच्या. आकडा शून्य असेल तर छान, आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर डिस्क चाललीय. दोन मिनिटांचं काम आहे हो. दुकानात दोन फेऱ्या झाल्या, एकदाही कुणी बघितलं नाही. एक लक्षात ठेवा, नोंद स्वच्छ असली म्हणून डिस्क चांगली असेलच असं नाही. काही डिस्क न सांगता जातात.

आणि इथे माझी चूक परत येते. मरणारी डिस्क जितकी चालवाल तितकी लवकर मरते. मी आधी तासभर स्कॅन लावला, म्हणजे त्या आजारी डिस्कला गावभर पळवलं. काही बिघडलंय असं वाटलं की पहिलं काम फोटो, हिशोब, प्रोजेक्ट दुसरीकडे कॉपी करणं. निदान नंतर. आणि डिस्कवर संशय असेल तर कॉपी व्हायच्या आधी चेकडिस्क अजिबात लावू नका. ते दुरुस्तीच्या नादात त्याच डिस्कवर लिहायला लागतं.

मी नवीन डिस्क आणायला लावली आणि लिनक्समधून डीडीरेस्क्यू लावलं. ते हुशार आहे. आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, अडचणीच्या जागा शेवटी घेतं, आणि कुठवर आलो ते लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये लाइट गेली तरी पुढे सुरू करता येतं. लाइट गेलीच, दोनदा. मंगळवारी सकाळी संपलं.

डिस्कचं पुराण लांबलं, बाकीचं भराभर सांगतो. निळी स्क्रीन दरवेळी वेगवेगळं कारण दाखवत असेल तर रॅमवर संशय घ्या. रॅम काढून, पिना खोडरबराने पुसून परत बसवायची ही आपल्याकडच्या दुकानांतली जुनी युक्ती, आणि ती कधीकधी खरंच चालते. खात्रीसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा, एक जरी चूक दाखवली तरी रॅम बदला. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर आधी धूळ काढा, तापतंय ते. निळी स्क्रीन न येता फट्‌दिशी बंद होत असेल तर एसएमपीएस किंवा घरची वीज. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का झालं, ते त्यात नसतं. त्यापेक्षा विंडोजच्या सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. दिवसवार तक्ता येतो, कोणत्या दिवशी काय टाकलं आणि कोणत्या दिवसापासून क्रॅश सुरू झाले ते शेजारी शेजारी दिसतं.

आता उलटी बाजू सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस व्हायरसची वकिली करतोय. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक सिक्युरिटी अपडेट दिलं आणि अनेक विंडोज एक्सपी मशीनवर निळी स्क्रीन यायला लागली. सुरूच होईनात. लोकांनी मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या. तपासात निघालं की त्या मशीनमध्ये अल्युरिऑन नावाचा रूटकिट आधीपासून लपून बसला होता. विंडोजच्या आत अमुक गोष्ट अमुक पत्त्यावर आहे हे त्याने गृहीत धरलं होतं, अपडेटने पत्ता बदलला आणि तो आपटला. यातली मजा ऐका, ज्यांनी तो रूटकिट लिहिला होता त्यांनी थोड्याच दिवसांत स्वतःचं अपडेट काढून तो दोष दुरुस्त केला! त्यांनाही मशीन चालूच हवी होती ना.

आणि १९ जुलै २०२४ तर आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. तिथे ना व्हायरस होता, ना हार्डवेअर खराब. व्हायरसपासून वाचवणाऱ्यानेच पाडलं होतं.

तुम्ही बहुतेक जण हे फोनवर ऐकताय. अँड्रॉइड फोन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हसारखाच उपाय तिथे आहे, सेफ मोड. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप झोपलेली राहतात. सेफ मोडमध्ये दिवसभर ठीक चालला तर एकेक अ‍ॅप काढत जा. तिथेही रीस्टार्ट झाला तर बॅटरी बघा, आणि मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका.

तर दादाचं काय झालं. बाकीची सगळी लग्नं वाचली. एप्रिलच्या एका लग्नाची हळद मात्र अर्धवट राखाडी पट्ट्यांची आली, बऱ्याच फाइली उघडल्याच नाहीत. कॅमेऱ्याची कार्डं तोवर तीन वेळा वापरून झाली होती. दादाने मुलीच्या वडिलांना फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तो काही लपवत बसला नाही. ‘काका, चूक माझी आहे, एकाच ठिकाणी ठेवले होते.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये असतील, गोळा करतो. वहिनींनी त्या मोबाइलच्या फोटोंवर चार रात्री बसून हळदीची आठ पानं केली. त्या लग्नाचे राहिलेले पैसे दादाने घेतले नाहीत.

आता त्याच्याकडे दोन डिस्क आहेत, एक स्टुडिओत आणि एक घरच्या कपाटात. क्रॅक सॉफ्टवेअर मात्र अजून तेच आहे, त्यावरून आमचं भांडण चालूच आहे.