वाईचें आभाळ



मृग लागून चार-सहा दिवस झाले कीं वाईच्या घाटावर एकच प्रश्न ऐकूं येतो, "आज आभाळ काय म्हणतें?" आणि आभाळ तर रोज निराळें बोलत असतें. पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका जून महिन्यांतली माझी टिपणवही समोर आहे. सोमवारीं कडक ऊन, आणि सायंकाळीं गडगडाटासह अर्धा तास वळवाची सर. मंगळवारीं दिवसभर मळभ, पण थेंब नाहीं. बुधवारीं व गुरुवारीं पश्चिमेचा सोसाट्याचा वारा, घाटमाथ्यावर काळ्या ढगांची भिंत, आणि गांवांत अंगरखाहि भिजूं नये अशी भुरभूर. शुक्रवारीं निळें, स्वच्छ आकाश. शनिवार-रविवारचीं पानें कोरीं आहेत. त्याचें कारण पुढें येईलच.

मी तेव्हां नुकताच शाळेंत शास्त्रविषय शिकवूं लागलों होतों. बुधवारीं शेजारचे तात्या आले, ती काळी भिंत दाखवून म्हणाले, "मास्तर, भुईमूग पेरूं का?" पुस्तकी विद्या ताजी होती. मीं ऐटींत उत्तर दिलें, "खुशाल पेरा, तात्या. एवढे ढग जातील कोठें?"

ते ढग कोठें जातात, हेंच मला ठाऊक नव्हतें. आज तेंच आपणांस सांगावयाचें आहे.

ढग म्हणजे पाण्यानें भरलेली पखाल; वाऱ्यानें लोटली कीं आपल्या दाराशीं येऊन रिती होईल, अशी आपली समजूत असते. ती सोडून द्यावी. चहाच्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहा. अगदीं तोंडाशीं बोटभर जागा मोकळी दिसते. खरी वाफ तेथें असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं. पुढें जो पांढरा लोट दिसतो, तो निवालेल्या वाफेच्या सूक्ष्म थेंबांचा. तोच ढग. ३० अंश उष्णमानाची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम वाफ बाळगूं शकते. तीच २० अंशांवर आली कीं तिला १७ ग्रॅमांहून फारसें अधिक पेलवत नाहीं. उरलेल्या वाफेचें पाणी होतें.

हवा निवते ती वर चढल्यानें. उंचावर दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते, आणि फुगतांना पदरची उष्णता खर्च करते. सायकलच्या चाकांतून सुटणारी हवा बोटाला गार लागते, तें याच कारणानें. ढग धरण्यापूर्वीं ती दर हजार मीटरांस सुमारें १० अंश निवते. ढग धरूं लागला कीं वाफेंतली सुप्त उष्णता बाहेर पडते व निवण्याचा वेग मंदावतो. शिवाय थेंबाला बसावयास कांहीं आधार लागतो : समुद्राच्या मिठाचा कण, धूळ, धूर. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनीं १८८० च्या सुमारास धुळीचें हें महत्त्व प्रयोगानें दाखविलें. असा थेंब मिलिमीटराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. त्याचा पावसाचा एक टपोरा थेंब व्हावयास दहा लाख सोबती लागतात. तेवढी जमवाजमव झाली नाहीं, तर ढग कितीहि काळा दिसो, पाऊस नाहीं.

आतां आपल्या घाटाकडे वळूं. समुद्रावरची ओली हवा कोंकण ओलांडून सह्याद्रीवर आदळते आणि नाइलाजानें महाबळेश्वरापर्यंत, म्हणजे सुमारें १,३७० मीटर, चढते. निवण्याचें, ढग धरण्याचें, बरसण्याचें सारें कार्य तेथें उरकतें. म्हणून तेथें वर्षाकाठीं साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस. आणि गाडीरस्त्यानें तीस-बत्तीस किलोमीटरांवरच्या वाईस ढोबळ मानानें त्याचा आठवा हिस्सा. माथा ओलांडतांच तीच हवा सुमारें ७०० मीटरांवरच्या आमच्या खोऱ्यांत उतरते. उतरतांना दाबली जाते, दाबल्यानें तापते, आणि ढगांतले थेंब पुन्हा अदृश्य वाफ होतात.

ती काळी भिंत दोन दिवस जागची हालली नव्हती, आणि वारा तर सोसाट्याचा होता! हें मला तेव्हांच खटकावयास हवें होतें. कृष्णेंतल्या धोंड्यामागें भोंवरा जागीं दिसतो, पाणी मात्र पुढें जात असतें; तसेंच हें. ढग पश्चिमेच्या अंगास क्षणोक्षणीं घडत होता आणि आमच्या अंगास क्षणोक्षणीं विरत होता. सोमवारच्या वळवाची गोष्ट अगदीं वेगळी. तो ढग आमच्याच तापलेल्या जमिनीवरून उभा चढला होता. त्याला घाटाची गरज नव्हती.

तात्यांनीं गुरुवारीं पेरलें. पुढें दहा दिवस ऊन पडलें. उगवलेले मोड सुकले. त्यांनीं उसनें बियाणें आणून दुसऱ्यांदा पेरणी केली. मला एका शब्दानेंहि बोलले नाहींत, तें अधिक लागलें. वहीचीं तीं दोन पानें कोरीं राहिलीं, कारण वर पाहावेंसेंच वाटेना.

दुसऱ्या वर्षीं मृगांत ते पुन्हा आले. "मास्तर, यंदा काय?" तीच भिंत, तोच वारा. मी त्यांच्याबरोबर शेतावर गेलों. खुरप्यानें उकरून पाहिलें : चार बोटें ओल, खालीं धूळ. "अजून नाहीं," तात्याच म्हणाले. आर्द्रा लागल्यावर दुसऱ्या रात्रीं पाऊस उभा राहिला आणि पहांटेपर्यंत थांबला नाहीं. ओल वीतभर गेली होती. वाफसा आल्यावर त्यांनीं पाभर बाहेर काढली.