गोड गोळी आणि मत



संक्रांतीला हलव्याचे दागिने, पाडव्याला साखरेच्या गांठी, यात्रेंत बत्तासे आणि रेवड्या! साखरेला आकार देऊन ती दुसऱ्याच्या हातावर ठेवण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. ह्या हौसेचा उपयोग निवडणुकीच्या प्रचारांत करावा, निशाणीच्या आकाराची गोळी करवून घ्यावी, वेष्टनावर उमेदवाराचें चित्र छापावें आणि ती गांवोगांव वाटावी, असें कोणास सुचलें तर त्यांत नवल नाहीं. एवढ्याशा वस्तूचा विचार तो काय करावयाचा, असें आपण म्हणाल. तो विचारच आज करावयाचा आहे.

अमेरिकेंत १९८१ सालीं रोनाल्ड रेगन ह्यांच्या पदग्रहणसमारंभास तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या साडेतीन टन गोळ्या आणविल्या होत्या. परंतु मतें पडून गेल्यावर वाटलेली साखर निराळी आणि मतें पडण्यापूर्वीं वाटलेली निराळी. आपल्या कायद्यानें हें फार पूर्वीं ओळखलें आहे. १९२० सालीं पीनल कोडांत निवडणुकीच्या अपराधांचें प्रकरण घातलें गेलें. त्यांत रोख लांचेला एक वर्षापर्यंत कैद सांगितली, आणि खाणें, पिणें, करमणूक ह्या रूपानें दिलेल्या लांचेला नुसता दंड. १ जुलै २०२४ पासून पीनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिनेंही हा भेद कायम ठेवला. १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा तर स्पष्टच सांगतो कीं, लालूच पैशांत मोजतां आलीच पाहिजे असें नाहीं. अर्थात् प्रत्येक गोळी म्हणजे लांच नव्हे. ती मत वळविण्याच्या हेतूनें दिली काय, हा खरा प्रश्न. आणि नेमका येथेंच प्रचारक हंसून विचारतो, "अहो, एका गोळीनें कोणी मत विकतो काय?"

ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपण चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या अरण्यप्रदेशांत जाऊं. एके काळीं हा सारा मुलूख मिळून एकच चांदा जिल्हा होता; २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली निराळा झाला. येथें लोकसभेचें मतदान १९ एप्रिल २०२४ रोजीं झालें. ते दिवस मोहाच्या फुलांचे. पहांटेपासून घरचीं मोठीं माणसें रानांत फुलें वेंचीत असतात. गडचिरोलीच्या दुर्गम भागांत तर सुरक्षिततेसाठीं मतदान दुपारीं तीन वाजतांच संपविण्यांत आलें. तरीही गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत शेंकडा सुमारें ७२ मतदारांनीं मत दिलें. ह्या लोकांना मतदानाची गोडी साखरेनें लावावी लागते, असें कोण म्हणेल?

आतां असें समजा कीं एटापल्लीच्या पलीकडील एखाद्या लहानशा गांवीं प्रचाराची मोटार आली आहे. मोठीं माणसें रानांत. मोटारीभोंवतीं गोळा होतात तीं मुलें. मत त्यांना नाहीं, पण गोळी त्यांच्याच हातीं पडते. संध्याकाळीं आई परत येते तेव्हां गोळी पोटांत गेलेली असते आणि चित्राचें वेष्टन तेवढें घरांत उरलेलें असतें. परत करावयाचें तरी काय? रुपया नाकारतां येतो. मुलानें खाल्लेला खाऊ नाकारतां येत नाहीं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असें मानणारें घर मग मिंधें होतें. गोळीचें सामर्थ्य तिच्या किंमतींत नसून तिच्या क्षुल्लकपणांत आहे, तें असें. मुलांना प्रचाराच्या कोणत्याही कामांत गुंतवूं नये, असें निवडणूक आयोगानें ५ फेब्रुवारी २०२४ रोजीं पक्षांना बजावलें आहे. मुलाच्या हातून घरांत चित्र पोंचविणें हें त्या आदेशाच्या भावनेस धरून आहे काय, हें उमेदवारांनींच आपल्या मनाला विचारावें.

नाकारण्याचें बळ ह्या मुलखांत नाहीं असें मात्र समजूं नये. लोकांच्या चळवळीमुळें गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवानें २००९ सालीं आपल्या वनावरील सामूहिक हक्क मिळविला. तेथें गांवाचे निर्णय सर्वांच्या संमतीनें होतात. जें गांव एकत्र बसून आपल्या बांबूचा निर्णय करूं शकतें, त्याला येणाऱ्या उमेदवारास असेंही सांगतां येईल, "गोळी नको. रस्ता केव्हां होईल, दवाखान्यांत डॉक्टर केव्हां येईल, तेवढें आमच्या भाषेंत सांगा."

आणि आपण शहरवासीयांनीं हें ऐकून वनवासी बांधवांची कींव करूं नये. निवडणूक जवळ आली कीं आपल्या पेठांतून हळदीकुंकवाचे समारंभ होतात व वाणांत भांडीं आणि साड्या येतात. ती गोळीच, फक्त आकारानें वाढलेली. वाण घेऊन घरीं आल्यावर आपलें मत आपल्याच जवळ राहिलें आहे काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.

मोहाचें फूलही गोड असतें. पण त्यावर कोणाचें चित्र नसतें, आणि वेंचणाराकडे तें परत कांहीं मागत नाहीं.