बीज कुणाचं, दोष कुणाचा?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

आरोग्याच्या शिबिरात विज्ञानाचा इतिहास कशाला, असं काहीजणींना वाटलं असेल. मी काही जीवशास्त्र शिकलेली नाही. मी समाजकार्यात एम.ए. केलं. शाळा सुटली तेव्हा बंद केलेलं जीवशास्त्राचं पुस्तक वस्तीत काम करताना पुन्हा उघडावं लागलं. का उघडावं लागलं, तिथूनच सुरुवात करते.

आमच्या वस्तीतल्या एका बाईला तिसरी मुलगी झाली. मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ शेजारी. सासू दारात तांदूळ निवडत बसली होती. मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "आजी, मुलगा की मुलगी हे बाईच्या हातात नसतं. ते पुरुषाच्या बीजावर ठरतं." आजींनी सुपातून मान वर केली नाही. म्हणाल्या, "माझ्या पोरानं चांगलंच बी पेरलं होतं. जमिनीनं घात केला."

मी निरुत्तर झाले. घरी येताना वाटलं, या एका वाक्यात किती शतकं बोलली! पुरुष म्हणजे बीज, बाई म्हणजे शेत. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली 'सीड अँड अर्थ' या निबंधात हाच विचार उलगडून दाखवला. मूल बीजाचं, म्हणून मुलावर हक्क बापाचा. आई नऊ महिने पोसते, पण तिचं योगदान जमिनीसारखं गृहीत धरलेलं. आता यातली लबाडी बघा. मुलगा झाला की बीजाचं कौतुक आणि मुलगी झाली की दोष शेताचा!

हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल म्हणत होता की पुरुष आकार देतो, बाई फक्त माती पुरवते. त्याच्या लेखी स्त्री म्हणजे घडणीत कमी पडलेला पुरुष. तो मोठा विद्वान, त्यामुळे हे दोन हजार वर्षं चाललं.

याला पहिला मोठा धक्का दिला तो वाटाण्याने. ग्रेगोर मेंडेल हा धर्मगुरू आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो गावी मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर करत होता. १८६५ साली त्याने आपले निष्कर्ष वाचून दाखवले, १८६६ साली ते छापून आले. उंच-बुटकी झाडं, पिवळे-हिरवे दाणे हे आपण शाळेत शिकलो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. मेंडेलने संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिले. परागकण उंच झाडाचे आणि फूल बुटक्या झाडाचं, मग त्याच्या उलट. निकाल तोच आला. म्हणजे पुढच्या पिढीला गुण देण्यात नर आणि मादी यांचा वाटा सारखा. 'बीज' आणि 'शेत' हा भेद वाटाण्याने मोडून काढला होता! पण मेंडेलच्या कामाकडे पुढे ३४ वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. १९०० साली ते पुन्हा उजेडात आलं आणि अनुवंशशास्त्र नावाचं शास्त्र उभं राहिलं.

तरी आपल्या आजींचा प्रश्न शिल्लकच होता. मुलगा की मुलगी, हे कशावर ठरतं? त्या काळातल्या अनेक शास्त्रज्ञांचं मत होतं की आईच्या पोटात मिळणाऱ्या पोषणावर, उष्णतेवर ठरत असावं. म्हणजे पुन्हा शेतच!

या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्यांत एक बाई होती. नेटी स्टीव्हन्स तिचं नाव. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १८६१ साली एका सुताराच्या घरी जन्मली. शिकली, शाळेत शिक्षिका झाली, ग्रंथालयात काम केलं. पै पै साठवली आणि १८९६ साली, वयाच्या पस्तिशीत, स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीसाठी नाव घातलं. आपल्यातल्या कितीजणी म्हणतात, आता या वयात काय शिकायचं? ही बाई पस्तिशीत पहिल्या पायरीवर उभी राहिली. पुढे ब्रिन मॉर या स्त्रियांच्या कॉलेजातून १९०३ साली तिने डॉक्टरेट मिळवली.

तिने अभ्यासासाठी निवडला एक क्षुद्र किडा. पिठात, धान्यात अळ्या होतात ना, त्यातल्या एका जातीचा भुंगेरा. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं म्हणजे दोऱ्यासारखे बारीक तुकडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नेटी ते मोजत बसली. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक लहानसं. मग तिने बीजं पाहिली. स्त्रीबीजं सगळी एकसारखी, प्रत्येकात दहा मोठी. पुरुषबीजं मात्र दोन तऱ्हेची, अर्ध्यांत दहा मोठी, अर्ध्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान. लहान गुणसूत्राचं बीज आलं तर नर, नाही तर मादी. १९०५ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या लहान गुणसूत्राला आज आपण 'वाय' म्हणतो, आणि त्याच्या मोठ्या जोडीदाराला 'एक्स'.

त्याच वर्षी एडमंड विल्सन हे मोठे प्राध्यापक दुसऱ्या कीटकांवर काम करून अशाच निष्कर्षाला आले होते. दोघांचं काम स्वतंत्र होतं. पण पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं नाव आलं विल्सनचं. किंवा मग तिचे एकेकाळचे शिक्षक टॉमस मॉर्गन यांचं. त्यांना गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. नेटी १९१२ साली स्तनाच्या कर्करोगाने वारली. वय अवघं पन्नास. कॉलेजने तिच्यासाठी संशोधनाचं खास पद निर्माण केलं होतं, पण त्यावर रुजू होण्याआधीच ती गेली. मेल्यावर नोबेल देत नाहीत, हे खरं. पण पुस्तकात नाव द्यायला कोण अडवतं?

माणसाच्या बाबतीत हे पक्कं व्हायला अजून वेळ लागला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली कळलं. वाय असेल तर सहसा मुलगा होतो, हे १९५९ साली. 'सहसा' म्हणते, कारण निसर्ग आपल्या दोन रकान्यांत नेहमी बसत नाही. एक्स-वाय असून बाईचं शरीर असलेली माणसंही असतात, आणि तीही आपलीच.

आता हे वस्तीत सांगायचं कसं? आम्ही मणी वापरतो. बाईच्या हातात दोन लाल मणी. पुरुषाच्या हातात एक लाल, एक काळा. डोळे मिटून दोघांनी एकेक मणी पुढे करायचा. लाल-लाल म्हणजे मुलगी, लाल-काळा म्हणजे मुलगा. बाईकडे काळा मणीच नाही, तर ती देणार कुठून? बायका हसतात. तुम्हीही करून बघा.

पण एकदा या खेळानंतर एका बाईने मला विचारलं, "ताई, म्हणजे आता आम्ही नवऱ्याला शिव्या द्यायच्या?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "म्हणजे शेवटी ठरवणारा पुरुषच ना!" त्यावर मात्र कुणी हसलं नाही. मलाही त्या दिवशी आपली चूक कळली.

आपण काय करत होतो? 'दोष सुनेचा नाही, मुलाचा आहे' असं सासूला पटवत होतो. म्हणजे मुलगी होणं हा दोष आहे, हे आपणच कबूल करत होतो! फक्त तो कुणाच्या माथी मारायचा, एवढाच वाद. नेटी स्टीव्हन्सने दोषाचा शोध लावला नव्हता. तिने दाखवलं ते एवढंच की दोन्ही तऱ्हेची बीजं साधारण अर्धी अर्धी असतात. कोणतं पोहोचेल हे पुरुषही ठरवत नाही. डोळे मिटून मणी उचलण्यासारखंच ते. इथे गुन्हाच नाही, तर गुन्हेगार कुठून येणार?

आणि वंशाच्या दिव्याचं काय? मुलगा असो की मुलगी, बापाकडून २३ गुणसूत्रं येतात आणि आईकडूनही २३. वाय हे एक्सपेक्षा बरंच लहान, त्यामुळे बापाकडून मुलीला मिळणारा वारसा मुलापेक्षा किंचित जास्तच भरतो! मुलाला त्याचा एक्स मिळतो तो आईकडूनच. 'वंश मुलाकडून चालतो' हे समाजाने ठरवलं आहे, शरीराने नाही.

पण मैत्रिणींनो, ज्ञान आलं की शहाणपण येतंच असं नाही. नेटीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं ते लहानसं गुणसूत्र पुढे मुलींवरच उलटलं. गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजलपरीक्षा आपल्या देशात १९७० च्या दशकात सुरू झाली, आणि बघता बघता ती मुलगी शोधून काढण्याची परीक्षा झाली. त्याविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात बायका, डॉक्टर, वकील एकत्र आले. त्या लढ्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, १९९६ पासून तो लागू झाला. अंमलबजावणीसाठी पुण्यातली 'मासूम', मुंबईतली 'सेहत' आणि साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. मग २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली.

एवढं होऊनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. कायदा कागदावर होता आणि सोनोग्राफीचं यंत्र गावोगाव.

आता तर सुईसुद्धा पोटात घालावी लागत नाही. गर्भवतीच्या रक्तात बाळाच्या जनुकीय द्रव्याचे अंश फिरत असतात, हे १९९७ साली सिद्ध झालं. ते कसं ओळखलं, माहीत आहे? मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात वाय गुणसूत्राचे अंश सापडले. म्हणजे नेटीने पाहिलेला तो लहानसा तुकडा आज आईच्या दंडातून काढलेल्या रक्तातही शोधता येतो. गर्भाचं लिंग सांगणं आपल्याकडे गुन्हाच आहे, पण तंत्र जितकं सोपं होत जाईल तितकी पाळत ठेवणं अवघड.

इथे एक सावधगिरीचं सांगते. आपला विरोध लिंगनिवडीला आहे, गर्भपाताला नाही. सुरक्षित गर्भपाताची सोय बाईला १९७१ च्या कायद्याने दिली. 'मुलगी वाचवा' म्हणत कुणी प्रत्येक गर्भवतीवर पहारा ठेवू लागलं, तर ते पुन्हा बाईच्या शरीरावर दुसऱ्याचं राज्य होईल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठामपणे बोलायला आपण शिकलं पाहिजे.

शेवटी पुन्हा त्या आजींकडे जाते. काही दिवसांनी मी मणी घेऊन त्यांच्याकडे गेले. या वेळी 'दोष' हा शब्द तोंडातून काढला नाही. खेळ झाल्यावर आजी बराच वेळ काळा मणी बोटांत फिरवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला पाच मुली झाल्या. माझ्या सासूनं मला दोनदा माहेरी हाकललं होतं." आत भिंतीकडे तोंड करून पडलेली सून उठून बसली. हे तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी विज्ञान फारसं सांगितलं नाही. त्या दोघीच बोलत होत्या.

मणी तुमच्यासाठी आणलेत. जाताना पुड्या घेऊन जा. पण वस्तीत बसाल तेव्हा 'चूक कुणाची' हे सांगायला बसू नका. मुलगी झाली तर चुकलं काय, हे विचारायला बसा.